गोविंदपुरम् : कावेरीकाठी कोसंबी

1902 साली मद्रासहून सिलोनला जायचे तर रुळलेला रस्ता तुतिकोरिनचा. दक्षिण भारत रेल्वेच्या गाडीत बसायचे, तुतिकोरिनला उतरायचे, पुढे बोटीने कोलंबो. आजची विल्लुपुरम–त्रिची कॉर्ड लाईन तेव्हा नव्हती. गाड्या चिदंबरम, मायावरम, कुंभकोणम, तंजावर असा कावेरीच्या खोऱ्यातून वळसा घेत जायच्या. त्या वर्षी गोव्यातल्या साखवाळ गावचा पंचविशीतला एक माणूस मद्रासमार्गे सिलोनला गेला. घरी बायको आणि लहान मुलगी. पदरात काशीच्या अन्नछत्रात जेवून शिकलेले संस्कृत. पाली मुळीच येत नव्हते, आणि बुद्धाचे म्हणणे मुळातून वाचल्याशिवाय परत फिरायचे नव्हते. बुद्ध त्याला पहिल्यांदा भेटला होता तोही कुठे, तर ‘बालबोधमेवा’ नावाच्या, अमेरिकन मिशनने चालवलेल्या लहान मुलांच्या मासिकात.

हे धर्मानंद कोसंबी. ते गोविंदपुरमला आले होते असे मी म्हणणार नाही. पण तिरुविडैमरुदूरच्या फलाटावर उभे राहिले की त्या काळच्या लाईनचा नकाशा डोळ्यासमोर येतो. सिलोनची वाट इथून जात होती, आणि गोविंदपुरम् या स्टेशनापासून जवळच आहे.

मी आले होते विठ्ठलासाठी. तंजावर भागात मराठी माणूस फिरतो तो बहुधा सरफोजींच्या सरस्वती महालात जातो, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांचा लांबलचक मराठी इतिहास बघतो आणि ऊर भरून परततो. मलाही ते सगळे करायचे होते आणि केलेही. पण कुंभकोणमजवळ पंढरीनाथाचे मोठे देऊळ झाले आहे, असे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाने सांगितले होते. पिशवीत कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ होते, कारण त्या दिवसांत तेच वाचत होते. जूनचा पहिला आठवडा. ऊन असे, की दुपारी बारा वाजता कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती.

कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या, म्हणजे जुन्या मायावरमच्या, बसने दहा-बारा किलोमीटर गेले की गोविंदपुरम्. बसमध्ये जुन्या तमिळ सिनेमातली गाणी मोठ्याने चालू. दोन्ही बाजूंना शेते, पण ज्या हिरव्या रंगाच्या आशेने माणूस कावेरीच्या खोऱ्यात येतो तो रंग अजून कुठे कुठेच होता. ज्यांच्या बोअरला पाणी आहे त्यांनी भाताची रोपे टाकली होती. बाकीची जमीन तशीच, शेळ्या फिरत होत्या. सगळे खोरे 12 जूनकडे डोळे लावून बसलेले. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले, आणि पाणी पुरेसे असेल त्या वर्षी 12 जूनला त्याचे दरवाजे उघडायचे असा रिवाज पडला. त्या पाण्यावर कुरुवै, म्हणजे आखूड मुदतीचे भात, उभे राहते. पाणी नसले की तारीख पुढे जाते आणि कुरुवै हातची जाते. बसमधल्या बायकाही त्याविषयीच बोलत असाव्यात. मला तमिळ फारसे येत नाही, पण ‘मेट्टूर’ आणि ‘तण्णी’ हे दोन शब्द दर मिनिटाला ऐकू येत होते, आणि तण्णी म्हणजे पाणी एवढे मला कळते.

देऊळ लांबूनच दिसते. सव्वाशे फुटांच्या वर शिखर, वर सोनेरी कळस. आजूबाजूला नक्षीदार, रंगीत, चित्रांनी खचाखच भरलेली द्राविड गोपुरे आणि मध्येच हे आपल्या वळणाचे शिखर, घाटावरून उचलून आणून ठेवल्यासारखे. विठ्ठलदास महाराजांनी उभारलेल्या या देवळाचा कुंभाभिषेक 2011 साली झाला. पंढरपूरच्या देवळालाही एवढे शिखर नाही. भक्ताने देवाला त्याच्या घराहून मोठे घर बांधून द्यावे, याचे मला कौतुकही वाटले आणि थोडे हसूही आले. आत विठ्ठल-रखुमाई, पण साजशृंगार तमिळ हाताचा. फुलांचे हार कमरेवरचे हात पार झाकून टाकतील इतके जाड. बाहेर गोशाळा. सभामंडपात पन्नासएक माणसे बसली होती आणि तुकोबांचा अभंग चालला होता, मृदंगावर, कर्नाटकी रागात. शेजारच्या आजींच्या हातातले पुस्तक मी डोकावून पाहिले. अक्षरे तमिळ, शब्द मराठी. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर, म्हणून प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक 2, 3, 4 असे आकडे छापलेले. आजी त्या आकड्यांवरून बोट फिरवत, एकही घोष चुकू न देता गात होत्या. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवले. मला ते वाचता येईना, त्यांना त्याचा अर्थ सांगता येईना. मग दोघींनी पाठ असलेले म्हटले.

कोसंबींना हे आवडले असते का? अर्धेच. घर सोडण्याआधी, नारळाच्या बागायतीचा हिशेब ठेवत गोव्यात कुजत असताना त्यांना ज्याने धरून ठेवले तो तुकारामाचा गाथाच. ‘निवेदन’ या आत्मकथेत त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले आहे. पण पुढे 1935 च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’मध्ये पुराणातल्या देवांवर आणि त्या देवांच्या नावाने चाललेल्या सगळ्या कारभारावर त्यांनी असे आसूड ओढले आहेत, की आजच्या दिवसांत ते पुस्तक नव्याने छापणाऱ्याला धीर लागेल. सोन्याच्या कळसाकडे त्यांनी मान वर करून पाहिले नसते, आजींच्या शेजारी मात्र बसले असते.

विठ्ठल आणि बुद्ध यांना शेजारी बसवण्यात तसे नवे काही नाही. दशावताराच्या जुन्या मराठी चित्रांत नवव्या जागी विठ्ठल असतो. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्ती बसवताना बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच, हे आपण सिद्ध करणार असल्याचे सांगितले होते. ते लिहायला त्यांना सवड मिळाली नाही. तो वाद मी इथे उकरत नाही. पण त्या मंडपात बसून एवढे मनात आल्यावाचून राहिले नाही, की मग इथला बुद्ध कुठे आहे?

आहे. शोधावा लागतो. कुंभकोणमला भगवत विनायकाच्या देवळात बुद्धाची दगडी मूर्ती आहे. गल्लीतल्या लहानशा देवळात, गणपतीच्या सावलीला. पट्टीश्वरमलाही एक आहे. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या जुन्या चोळदेशात शेताच्या बांधावर, पिंपळाखाली, तळ्याकाठी अशा कितीतरी मूर्ती निघाल्या. तंजावरचे बी. जंबुलिंगम यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून त्यांचा माग काढला आहे. नागपट्टिनमला तर मोठा चूडामणी विहार होता. सुमात्राकडच्या श्रीविजयाच्या राजाने तो बांधला आणि शैव राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला आनैमंगलम गावाचे उत्पन्न लावून दिले. त्या दानाचे ताम्रपट पुढे हॉलंडमधल्या लायडनला गेले आणि त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. विहाराच्या जागी शेवटपर्यंत एक बुरूज उभा होता, तोही 1867 मध्ये पाडला गेला. उरल्या त्या काशाच्या साडेतीनशेच्या आसपास मूर्ती, त्यातल्या बऱ्याच आज चेन्नईच्या संग्रहालयात काचेआड आहेत.

विहारांना राजांनी गावे तोडून दिली आणि तिथेच बिघडले, असे कोसंबी म्हणत. जमीन आली की वसूल आला, वसूल आला की राजाची मर्जी आली, आणि राजाची मर्जी सांभाळणारा भिक्षू राजाच्या लढाईविरुद्ध तोंड कसे उघडणार? बुद्धधर्म हिंदुस्थानातून का गेला याची कारणे सांगताना बहुतेक लोक परक्यांकडे बोट दाखवतात. हा माणूस आपल्याच संघाकडे दाखवतो. मला त्यांचे हे कारण पुरते पटत नाही. व्यापार बसला, बंदरे ओस पडली, हेही हिशेबात धरायला हवे, आणि नागपट्टिनमच्या बाबतीत तर नक्कीच. पण आपल्या घरचा दोष आधी मोजायची ही रीत मला आवडते.

विठ्ठलाच्या देवळातून चालत बोधेंद्रांच्या समाधीकडे जाता येते. गोविंदपुरम् गाव खरे प्रसिद्ध आहे ते त्यांच्यामुळे. विठ्ठल नंतर आला, आणि त्यांच्या शेजारी म्हणून आला. बोधेंद्र सरस्वती हे कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत 59 वे आचार्य मानले जातात. सतराव्या शतकातले. पीठाचा कारभार बाजूला ठेवून ते कावेरीकाठी आले आणि नामाचा प्रचार करत राहिले. नाम कोणीही घ्यावे, त्याला अधिकार लागत नाही, हे शास्त्रांचे आधार काढून त्यांनी ग्रंथांत मांडले. 1692 मध्ये ते गेले. गोष्ट अशी सांगतात, की नदीच्या वाळूत ते मुलांशी खेळत असत. एक दिवस खड्ड्यात बसले आणि मुलांना म्हणाले, वरून वाळू लोटा, उद्यापर्यंत कोणाला सांगू नका. मुलांनी खेळ समजून लोटली. पुढे शंभरएक वर्षांनी मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींना वाळूतून रामनाम ऐकू आले, त्यांनी जागा नक्की केली, आणि तंजावरच्या मराठा राजाने नदीचा ओघ वळवून समाधी कोरडी केली, असे परंपरा सांगते. दक्षिणेतल्या भजनपद्धतीचे हे सद्गुरुस्वामी मोठे नाव. आजींच्या पुस्तकातले मराठी अभंग तमिळ घरांत पोचले त्या वाटेवर त्यांचा मठ लागतो.

समाधीच्या आवारात गारवा होता. माणसे ‘राम राम’ जपत बसलेली, कोणी मोठ्याने, कोणी ओठांतल्या ओठांत. दारात कोणी कोण म्हणून विचारले नाही. मागच्या बाजूला कावेरीचा फाटा. फाटा म्हणायचा तो सवयीने, त्या दिवशी तिथे नुसती वाळू होती आणि तीन मुले प्लास्टिकच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती.

त्याच काळातले दुसरे संत जवळच तिरुविसनल्लूरला झाले, श्रीधर अय्यावाळ. तंजावरच्या शहाजीराजांनी 1693 साली ते गाव 46 पंडितांना अग्रहार म्हणून दिले. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होते. ब्राह्मण जेवायचे होते, तेवढ्यात दारात भुकेने व्याकूळ झालेला एक अंत्यज आला आणि यांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. पंडित उठून गेले. काशीला जाऊन गंगास्नान केल्याशिवाय पंक्तीला घेणार नाही म्हणाले. तेव्हा अय्यावाळांच्या विहिरीलाच गंगा आली आणि गावभर वाहू लागली, अशी कथा आहे. कार्तिक अमावास्येला अजूनही लोक त्या विहिरीवर स्नानाला येतात. पैठणच्या एकनाथांची आठवण मराठी माणसाला आल्याशिवाय राहणार नाही. मला मात्र एक खडा त्यात नेहमी टोचतो. जेवलेल्या त्या माणसाचे पुढे काय झाले, हे पैठणची गोष्टही सांगत नाही आणि तिरुविसनल्लूरचीही नाही.

ते सांगायला तमिळ मुलखात कोणी उभे राहिले ते दोनशे वर्षांनी. अयोत्तिदास पंडित, जन्म 1845. वैद्यकी करणारे, तमिळचे व्युत्पन्न पंडित, आणि जन्माने त्या वेळी ज्यांना परैयर म्हणत त्यांच्यातले. 1898 साली थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कॉटच्या मदतीने ते सिलोनला गेले, सुमंगल महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. आम्ही हिंदूंमधले खालचे नाही, आम्ही मुळात बौद्ध, हे त्यांचे म्हणणे. 1907 पासून ‘ओरु पैसा तमिळन’ या एका पैशाच्या साप्ताहिकातून त्यांनी ते घरोघर नेले. नागपूरची दीक्षाभूमी 1956 ची. म्हणजे 58 वर्षे आधी.

आणि चारच वर्षांनी कोसंबी कोलंबोच्या ज्या विद्योदय विद्यालयात शिकायला बसले, त्याचे प्रमुख हेच सुमंगल. तिथे ते श्रामणेर झाले. सिलोनचे जेवण मानवेना म्हणून पुढच्या वर्षी मद्रासला आले, तेव्हा त्यांची गाठ पडली ती प्रा. लक्ष्मी नरसू आणि सिंगारवेलू यांच्याशी. हे नरसू अयोत्तिदासांच्या वर्तुळातले. विज्ञानाचे प्राध्यापक, अंधश्रद्धेचा लवलेश नसलेले. 1907 साली त्यांनी बुद्धधर्माच्या सारावर इंग्रजी पुस्तक लिहिले. 1948 मध्ये ते पुन्हा छापून निघाले ते बाबासाहेबांच्या प्रस्तावनेसह. सिंगारवेलू पुढे कम्युनिस्ट झाले. 1923 साली हिंदुस्थानातला पहिला मे दिन मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनीच साजरा केला. आपण नव्या बौद्ध धर्माची कथा नागपुरात सुरू करतो आणि सोयीने मद्रास गाळतो.

कोसंबींचे पुढचे आयुष्य म्हणजे चांगल्या चांगल्या जागा सोडत जाण्याची कथा आहे. ब्रह्मदेशात भिक्षू झाले, मग चीवर उतरवले आणि संसारात परत आले. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुकर्जींनी पालीसाठी नेमले, पगार वाढवून द्यायलाही तयार होते. पण सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात कुठेही राहा, महिना 50 रुपये घ्या आणि लिहा म्हटल्यावर हे निघाले, कारण मराठी माणसाला पाली शिकवायचे होते. हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती करायला गेले, श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले आणि परतले. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवले. गांधींनी बोलावले म्हणून अहमदाबादला गुजरात विद्यापीठात गेले. परत हार्वर्ड, मग रशियात लेनिनग्राड. 1930 साली मात्र पुस्तके मिटली आणि शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहात उतरले, विलेपार्ल्याच्या छावणीचे काम पाहताना पकडले गेले, ठाण्याच्या तुरुंगात बसले. 1937 मध्ये परळला गिरणगावात बहुजनविहार सुरू केला, तोही काही वर्षांत सोडला. कोणी म्हणेल, तुसडा माणूस. होतेही थोडे. पण प्रत्येक ठिकाणी ते निघतात ती वेळ पाहावी. जागा आपल्या मालकीची वाटायला लागायच्या जरा आधी.

समाधीच्या आवारातून बाहेर येऊन मी थांब्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. बसला वेळ होता. तांब्या-पितळेच्या डबऱ्यात कॉफी आली. कुंभकोणमच्या कॉफीचे एवढे ऐकलेले असते, की ती चांगली आहे हे सांगायचाही कंटाळा येतो. चांगली होती. ‘भगवान बुद्ध’ उघडले.

सिद्धार्थाने घर का सोडले? शाळेत आपण चित्र पाहिलेले असते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. मध्यरात्री झोपलेली यशोधरा, कंथक घोडा, उघडणारी वेस. कोसंबी म्हणतात, यातले जुन्या सुत्तांत गोतमाविषयी काही नाही. ते दुसऱ्या, पुराणातल्या एका बुद्धाच्या चरित्रातून उचलून इथे चिकटवले आहे. जुने सुत्त तर सांगते, की आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत त्याने केस काढले आणि निघाला. म्हणजे चोरून नाही. मग कारण काय? ते बोट ठेवतात सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तावर. बुद्ध तिथे स्वतःच्या तोंडाने आपल्याला वैराग्य कसे आले ते सांगतो. माणसांनी हाती शस्त्र घेतले आणि त्यातूनच भय जन्मले. आटत्या पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून तो हादरला. मेलेला माणूस पाहून नव्हे, मारायला निघालेला माणूस पाहून. आणि ही माणसे त्याची आपलीच. अलीकडे शाक्य, पलीकडे कोलिय, सोयरीक पिढ्यान् पिढ्यांची, मध्ये रोहिणी नदी. भांडण त्या नदीच्या पाण्याचे. आपल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकात कोसंबींनी हाच प्रसंग मध्यभागी आणला. ते नाटक त्यांच्यामागे 1949 साली छापले गेले. 1957 मध्ये निघालेल्या बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रातही सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणीच्या पाण्यावरून.

वाचनाच्या खोलीत हे मी आधीही वाचले होते आणि हुशारीचा युक्तिवाद म्हणून पसंतही केले होते. त्या टपरीवर, समोर कोरडी पात्रे आणि कानांवर सारखे ‘मेट्टूर’, तेव्हा हे अगदी साधे, रोजच्या व्यवहारातले कारण वाटले. मृत्यू पाहून घर सोडणारा राजपुत्र मला नेहमी थोडा लाडावलेला वाटत आला आहे. पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांनी भाले काढलेले पाहून ज्याला आपल्या घराची शिसारी आली, तो ओळखीचा आहे.

शेजारी एक गृहस्थ बसले होते. पांढरी वेष्टी, खिशात पेन, हातात दुमडलेले ‘दिनतंती’. पुस्तकावरचा बुद्ध पाहून त्यांनी इंग्रजीत विचारले, “बौद्ध आहात का अम्मा?” नाही म्हटले, वाचते आहे. ते निवृत्त शिक्षक निघाले, गणिताचे. दोन एकर भात. पुस्तकात काय आहे विचारले म्हणून मी रोहिणीची गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. त्यांनी मन लावून ऐकली.

“म्हणजे कर्नाटक आणि आम्ही,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला कावेरी शिकवली. 1892 चा करार, 1924 चा करार, तो पन्नास वर्षांनी संपल्यावर सुरू झालेली ओढाताण, 1990 मधला लवाद, 2007 चा निवाडा, 16 फेब्रुवारी 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. “एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक पंचवीस टीएमसी,” ते म्हणाले. दशांशासकट. या खोऱ्यात मुलांना पाढे येवोत न येवोत, हा आकडा येतो. लवादाने 1991 मध्ये अंतरिम आदेश दिला तेव्हा त्यांचे मोठे भाऊ बंगळूरला नोकरीत होते. डिसेंबरात दंगल पेटली. दारावरची तमिळ पाटी उतरवून, शेजारच्या कन्नड घरात मुलांना घेऊन ते दोन रात्री राहिले. 2016 मध्ये परत बसगाड्या जळाल्या. “आमची सोयरीकही आहे तिकडे,” ते म्हणाले, “तुमच्या त्या दोन कुळांसारखीच.”

मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारले, “पण तुमचा राजपुत्र निघून गेला. त्याने पाणी कोणाला मिळालं?”

गणिताच्या शिक्षकाचा प्रश्न होता. मी म्हटले, “सर, पुढची एक गोष्ट आहे.” जातकाच्या टीकेतली. बुद्ध झाल्यावर तो त्याच नदीवर आला, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे शस्त्रे घेऊन उभी होती. त्याने विचारले, पाण्याची किंमत किती, आणि माणसांच्या रक्ताची किती? त्यावर दोन्हीकडच्यांनी हत्यारे खाली टाकली.

“छान,” ते म्हणाले. “आणि पाणी?”

ते गोष्टीत नाही. शस्त्रे खाली पडली इथे कथाकाराचे समाधान झाले. त्या हंगामात पहिले पाणी शाक्यांच्या शेताला गेले की कोलियांच्या, याची त्याला फिकीर नव्हती. शाक्यांचे पुढे काय झाले ते मी सांगायचे टाळले. कोसलाच्या विडूडभाने त्यांचा पुरता निकाल लावला, आणि तो काही पाण्यासाठी आला नव्हता.

कोसंबींना हा प्रश्न नवा नव्हता. नुसत्या अहिंसेने भागत नाही, तिला प्रज्ञेची जोड हवी असे ते लिहीत. समाजवाद्यांकडे वाटपाचा विचार आहे पण हात रक्ताला भीत नाहीत, सत्याग्रह्यांचे हात स्वच्छ आहेत पण वाटपाचा विचार कच्चा आहे, अशा धर्तीचा त्यांचा सूर असे. परळला गिरणी कामगारांत जाऊन बसले ते या दोन्ही गोष्टी जमतात का हे पाहायलाच. जमल्या असे म्हणवत नाही. शेवटी शरीर थकले, खाज आणि अपचन यांनी हैराण केले. दुसऱ्यावर भार होऊन जगायचे नाही म्हणून सरयूकाठी दोहरीघाटला त्यांनी उपवास आरंभला. गांधींनी तो थांबवायला लावला. पुढे सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडले आणि महिनाभराने, 4 जून 1947 रोजी, ते गेले. देशात त्या दिवशी फाळणीखेरीज दुसरे बोलणे नव्हते. आदल्याच दिवशी माउंटबॅटन योजना जाहीर झाली होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधी या न गाजलेल्या माणसाविषयी बोलले, तेवढीच काय ती दखल. ते गेले तेव्हा पंजाबच्या पाचही नद्यांचे पाणी दोन देशांत वाटले जाण्याची वाट त्या योजनेने मोकळी होऊन चोवीस तासही झाले नव्हते.

सरांना मी हे सगळे सांगितले नाही. त्यांना सांगितले, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते म्हणाले, उत्तर असते, पण दरवर्षी नव्याने काढावे लागते. मग कागदाच्या पिशवीवर त्यांनी मला पाळीचे पाणी समजावले. पाणी भरपूर असले की सगळ्या कालव्यांना एकदम. कमी पडले की पाळी लागते. काही दिवस या फाट्याला, काही दिवस त्या. फाट्यावरून पोटपाटाला, पोटपाटावरून शेताला. शेवटच्या टोकाला नागपट्टिनमकडचा शेतकरी. त्याच्यापर्यंत पाणी जाईतो इथली रोपे वीतभर झालेली असतात. चूडामणी विहाराला लावून दिलेली शेते तिकडचीच. दारे कोण उघडते, रात्री राखण कोण करते, गाळ काढायला घरटी किती माणूस, हे सगळे त्यांनी पेनाने काढले. तमिळनाडूला कर्नाटकाने किती द्यावे यावर गावात एकमत आहे. आमच्या पोटपाटावर नाही, असे म्हणून ते हसले.

टपरीचा मालक इतका वेळ गाळणीतून कॉफी ओतत ऐकत होता. त्याने तिथूनच काहीतरी जोरात म्हटले. सर वळले, त्याच्याहून जोरात बोलले. आणखी एक जण सायकल टेकवून आला. मला त्यातले ‘तण्णी’ तेवढे कळले. सरांनी मला सांगितले, की याची अर्धा एकर जमीन त्यांच्या खालच्या अंगाला आहे, आणि मागच्या वर्षी एका रात्री त्यांनी पाळीबाहेर पाणी घेतले असा त्याचा आरोप आहे. “घेतलंत का?” मी विचारले. “दोन तास,” सर म्हणाले, “तो म्हणतो चार.” आणि ते पुन्हा त्याच्याकडे वळले. कागदी पिशवीवरचा नकाशा आता मालकाच्या हातात होता आणि तो त्यावर सरांच्याच पेनाने आपला बांध दुरुस्त करून काढत होता. कुंभकोणमची बस आली तरी दोघांचे चाललेच होते. कंडक्टरही एक पाय पायरीवर ठेवून कोणाची बाजू खरी ते सांगू लागला होता.